बस सुटायच्या आधी

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींत व्हिसाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. कुणाचं एक्स्टेंशन अडकलं, कुणाला आईवडिलांना बोलवायचं आहे, की फोन मला. मी सल्ले देते, आणि खरं सांगायचं तर द्यायला मला आवडतं. ‘वकिलाला एकदा विचारून घे’ असं कुणी म्हटलेलं मात्र आवडत नाही. मुलीच्या इटलीच्या सहलीच्या वेळी नवऱ्याने ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मी ताडकन बोलले, ‘‘बारा वर्षं हे सगळं कोण निस्तरतंय? मी की तुझा वकील?’’ त्याला गप्प बसवण्यात मी पटाईत आहे.

सहल शाळेची होती. इटलीत भूमध्य समुद्राच्या काठाला उभे कडे आहेत, आणि त्या कड्यांवर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दगडी बांध रचून द्राक्षं लावली आहेत. भूगोलाच्या वर्गातली वीसेक मुलं तिथे नऊ दिवस जाणार, गावागावांतून पायवाटेने चालणार, आणि प्रत्येकाने एका ठिकाणी उभं राहून बाकीच्यांना तीन मिनिटं माहिती सांगायची. माझ्या मुलीच्या वाट्याला ते बांध आले होते. महिनाभर ती फ्रिजसमोर उभी राहून बोलत होती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पोळ्या लाटता लाटता माझंही ते पाठ झालं.

मुलगी सोळा वर्षांची आहे. आम्ही तिला नागपूरहून आणली तेव्हा ती चार वर्षांची होती. मी कामाच्या व्हिसावर, ती माझ्या नावावर. पासपोर्ट सगळ्यांचे भारतीय. त्यामुळे तिला युरोपचा व्हिसा काढावा लागला, तो मी एकटीने काढला आणि चार ठिकाणी मिरवून सांगितलं.

शुक्रवारी दुपारी बाराला शाळेच्या पार्किंगमधून शार्लटच्या विमानतळाकडे बस निघणार होती. आम्ही दोघी अकराला पोचलो. एकसारखे निळे टीशर्ट घातलेली मुलं एकमेकांचे फोटो काढत होती. माझी मुलगी बॅग ड्रायव्हरच्या हवाली करून सगळ्यात आधी बसमध्ये चढली, कारण तिला डाव्या बाजूची खिडकी हवी होती.

बाहेर आम्ही आया उभ्या होतो. त्यांत माझ्या ओळखीची एक पुण्याची बाई होती. तिचा मुलगा इथेच जन्मलेला, अमेरिकन पासपोर्टवाला. तिने सहज विचारलं, ‘‘हिचं स्टॅम्पिंग इटलीत करणार का गं? अपॉइंटमेंट मिळाली?’’

‘‘कसलं स्टॅम्पिंग?’’

‘‘अमेरिकेचं. तुमचा स्टॅम्प एक्स्पायर झालाय ना? तूच म्हणाली होतीस गणपतीत.’’

झाला होता. पासपोर्टमधला अमेरिकेत शिरायच्या व्हिसाचा शिक्का दीड वर्षापूर्वीच संपला होता. पण इथे राहायची परवानगी वेगळ्या कागदावर असते, आणि तो कागद अगदी चालू होता. मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, ‘‘त्याची गरज नसते. अप्रूव्हल नोटीस पुरते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही नायगारा बघायला कॅनडात गेलो आणि त्याच कागदावर परत आलो. ऑफिसरने एक प्रश्न विचारला नाही.’’

तिचा चेहरा उतरला. ‘‘अगं, कॅनडाचं वेगळं असतं.’’

‘‘वेगळं कसं?’’

‘‘शेजारचा देश म्हणून चालतं. माझा भाऊ दुबईत अडकला होता. चार महिने.’’

मी म्हणाले, प्रत्येकाचा एक भाऊ कुठेतरी अडकलेला असतो. असं तोडून बोलायची मला सवय आहे. पण बोलता बोलताच नायगाऱ्याहून परतताना भेटलेला तो ऑफिसर आठवला. एक प्रश्न होता खरा. त्याने विचारलं होतं, किती दिवस होता? मी म्हटलं होतं, चार. मी त्यावरून सगळ्या जगाचा नियम करून ठेवला होता.

मी गाड्यांच्या मागे जाऊन कंपनीच्या वकिलाला फोन लावला. अकरा वाजून वीस मिनिटं. फोनवर संगीत सुरू झालं. समोर बसच्या खिडक्यांतून टीचर दिसत होत्या, एकेका मुलाचा पासपोर्ट बघून यादीवर खूण करत होत्या. त्यांनी माझ्या मुलीचा बघितला, युरोपचा व्हिसा बघितला आणि हसून परत दिला. त्यांची काय चूक? त्यांना तेवढंच बघायला सांगितलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की नीट बघा, मागचं पान उघडा. आणि त्याच वेळी वाटत होतं की कुणीच काही बघू नये, बस निघून जावी, आणि ती पुण्याची बाई खोटी ठरावी.

अकरा चाळीसला वकीलबाई फोनवर आल्या. मी तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी सुस्कारा टाकला नाही की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जाता येईल, जाताना कुणी अडवणार नाही. परत येताना तिकडेच विमानात चढू देणार नाहीत. शेजारच्या देशातून महिन्याच्या आत परतलात तर जुना शिक्का चालतो, समुद्रापलीकडे नाही. तिला पाठवू नका.

मी नवऱ्याला फोन केला. मला वाटलं, आता ऐकवेल. त्याने ऐकवलं नाही. म्हणाला, ‘‘एक रस्ता आहे. इटलीहून तिला तशीच नागपूरला पाठवू, तुझ्या बहिणीकडे. तिथून मुंबईला स्टॅम्पिंग करू.’’

‘‘तारीख कधीची मिळेल?’’

‘‘ते माहीत नाही यार. महिना, तीन महिने. पण डिसिजन तिला घेऊ दे. उगाच तू घेऊ नकोस.’’

हे त्याने बरोबर सांगितलं, आणि ते बरोबर होतं म्हणून मला त्याचा आणखीच राग आला.

बसच्या पायऱ्या चढून मी तिच्या सीटपाशी गेले. शेजारी तिची मैत्रीण होती, दोघींच्या कानात एकाच हेडफोनची दोन टोकं. मी मराठीत म्हटलं, ‘‘जरा खाली ये.’’

‘‘व्हॉट डिड आय फर्गेट?’’

‘‘तू नाही. मी.’’

खाली बसच्या सावलीत मी तिला सगळं सांगितलं. माझ्याकडून चूक झाली, हेही सांगितलं. ते वाक्य मी घरात क्वचितच वापरते, त्यामुळे नीट आलं नाही, दोनदा म्हणावं लागलं. बापाने सुचवलेला रस्ताही सांगितला.

‘‘सो आय कॅन गो,’’ ती म्हणाली. ‘‘आय जस्ट कान्ट कम होम.’’

‘‘हो.’’

‘‘फॉर हाऊ लाँग?’’

‘‘माहीत नाही.’’

बारा वाजायला आठ मिनिटं होती. तिने बसकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको जाऊस, नको जाऊस. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी सल्ला दिला नाही.

‘‘माय बॅग इज अंडर एव्हरीवन्स,’’ ती म्हणाली. ‘‘कॅन यू टेल हिम?’’

तिची बॅग सगळ्यात आधी आत गेली होती, म्हणजे सगळ्यात शेवटी निघणार. ड्रायव्हर एकेक बॅग काढून डांबरावर ठेवत गेला. सगळी मुलं खिडक्यांना नाक लावून बघत होती. टीचर मला समजावत होत्या की पुढच्या वर्षी पुन्हा सहल आहे. मुलगी मात्र तिच्या मैत्रिणीला बोलावून बांधांवरची टिपणं देत होती आणि कुठल्या ओळीला कुठे बोट दाखवायचं ते सांगत होती. मैत्रीण रडवेली झाली. ‘‘बट यू लिव्ह हिअर,’’ ती म्हणाली. माझ्या मुलीने त्यावर खांदे उडवले आणि पुढच्या कागदाकडे वळली.

बस बारा वाजून दहा मिनिटांनी गेली. मुलीने शेवटपर्यंत हात हलवला. पुण्याच्या त्या बाईने माझा दंड धरला. मी तिला थँक यू म्हणायला हवं होतं. त्या दिवशी ते जमलं नाही, नंतर फोन करून म्हटलं.

गाडीत मुलगी बाहेर बघत बसली. मला वाटत होतं तिने ओरडावं, दार आपटावं. दोन सिग्नल गेले. मग ती बोलली, आणि मराठीत बोलली. माझ्याशी ती मराठीत बोलते ते फक्त आजारी असली की.

‘‘आई, मी तिकडे स्टक झाले असते तर तू आली असतीस?’’

‘‘पहिल्या विमानाने.’’

‘‘पण तुझा स्टॅम्प पण एक्स्पायर झालाय ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग तुला पण परत येता आलं नसतं.’’

‘‘नसतं.’’

‘‘तरी आली असतीस?’’

‘‘हो गं.’’

ती ‘ओके’ म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच रडायला लागली. मी गाडी एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली, सीटबेल्ट काढला आणि तिला जवळ घेतलं.