बेसमेंटमधली दोन झाडं

"अजून काचेसारखंच दिसतंय," फोन डोळ्यांजवळ नेऊन नवरा म्हणाला. "थांबायचं."

मी नुकतीच बेसमेंटमधून वर आले होते. तिथे कुलूप लावलेल्या एका तंबूत, दिव्याखाली, त्याने लावलेली गांजाची दोन झाडं होती. मिनेसोटात घरी लावायची परवानगी मिळाली तेव्हा त्याने ती हौसेने लावली. तेव्हा तो जिना उतरू शकत होता. आता ईडन प्रेरीच्या आमच्या घरात हॉलमध्येच त्याचा पलंग मांडला होता आणि झाडांची पाहणी माझ्या गळ्यात पडली होती. फोनला चिमट्याने लावायचं एक भिंग त्याने मागवलं होतं. त्यातून फुलांचा फोटो काढायचा आणि वर येऊन त्याला दाखवायचा. फुलांवर टाचणीच्या डोक्यासारखे बारीक दाणे असतात. ते आधी पारदर्शक असतात, मग दुधासारखे पांढरट होतात, आणि त्यातले काही मधाच्या रंगावर गेले की कापायचं.

त्याची केमो थांबवली होती. आता महिन्यांची भाषा नको, आठवड्यांची बोलू या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणि हा मला थांबायला सांगत होता.

दुकानात सगळं तयार मिळत होतं, मी आणतही होते. त्यातले थेंब पोटात टिकत नसत. फुलांची वाफ ओढली की मळमळ थोडी थांबायची, चार घास जायचे. मग दुकानातलंच ओढ ना बाबा, या झाडांची वाट कशाला बघायची, असं मी म्हटलं की तो भिंतीकडे तोंड करायचा. एकदा मात्र तो चिडून म्हणाला, "ऑफिस सुटलं, ड्राइव्ह करणं सुटलं, अंघोळसुद्धा तू घालतेस. यार, एक गोष्ट तरी मला कम्प्लीट करू दे."

मी रोज खाली जात राहिले. पण त्या झाडांचा मला मनापासून राग यायचा. वर माणूस दिवसागणिक वाळत चाललेला, आणि खाली ही टुमटुमीत, चिकट, उग्र वासाची झाडं अंग भरून उभी. देवाला काही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी झाडांना शिव्या घालायचे.

सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. गांजा म्हटलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. म्हणून त्याने त्यांना एवढंच सांगितलं, "भांगेचं झाड आहे आई, औषधासाठी." झाड तेच, पण भांग त्यांना चालत होती. त्यांच्या माहेरी महाशिवरात्रीला भांग घोटली जायची, नैवेद्य दाखवून घराघरांत वाटली जायची. त्या रोज खाली जाऊन, तंबूचं कुलूप काढून, झाडांना हात जोडायच्या; हळदकुंकू तेवढं लावायचं बाकी होतं.

शेवटी एका सकाळी पहिल्या झाडाचा फोटो बघून तो हसला. किती दिवसांनी हसला! "दूध उतरलंय, मधही दिसतोय. काप." दुसरं झाड मागे होतं, त्याला त्याने हात लावू दिला नाही. मी फांद्या कापल्या. त्याच्या हुकमाप्रमाणे पानं तशीच ठेवली, कारण पानांसकट टांगलं की सावकाश वाळतं आणि फुलांचा दर्प टिकतो. आधीच पानं छाटली असती तर लवकर वाळलं असतं. मी तसं सुचवून पाहिलं. "घाईत केलेलं मला नकोय," तो म्हणाला. माझ्या जिभेवर आलं होतं की घाई मला नाही, तुलाच आहे. बेसमेंटमधल्या काळोख्या कपाटात दोरी बांधून फांद्या उलट्या टांगल्या. डहाळी वाकवल्यावर नुसती वाकली तर थांबायचं, कट्कन मोडली की छाटायला घ्यायचं.

ज्या सकाळी डहाळी मोडली, त्या सकाळी त्याला तपासायला नर्स आली होती आणि मला औषधं आणायला फार्मसीत जावं लागलं. तो म्हणाला, "आल्यावर माझ्यासमोर बसून कर. मी सांगतो कात्री कशी धरायची." नवीन, बारीक टोकाची कात्री उशाशी काढून ठेवली होती. मी जाताना सासूबाईंना म्हटलं, "आई, आज ते छाटायचंय." छाटायचंय एवढंच म्हटलं.

मी परत आले तेव्हा नर्स गेली होती आणि सासूबाई खालच्या फांद्या वर आणून हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या. मेथी निवडावी तशी त्यांनी सगळी भांग निवडून संपवली होती. पानं एका स्टीलच्या डब्यात, कसुरी मेथीसारखी, स्वच्छ. समोर उघड्याबोडक्या काड्या.

"फुलं कुठायत?" मी विचारलं.

"ते तुरे? टाकून दिले बाई. ते चिलमीत ओढणाऱ्यांचं काम. माझ्या लेकाला काहून पाहिजे ते? भांग म्हणजे पानंच ना."

मी दारातून बाहेर धावले. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला उघडा पडला होता. गाडी येऊन गेली होती. आत तळाशी नुसतं पाणी होतं. मी त्या डब्याची कड धरून उभी राहिले आणि मला ओरडावंसं वाटलं, इतकं की अख्खी गल्ली बाहेर आली असती.

ओरडायचं होतं ते आत जाऊनच. तयारीनेच गेले. पण तो माझ्याकडेच बघत होता. सासूबाई समोर बसून निवडत होत्या तेव्हा तो औषधाच्या गुंगीत होता, जागा झाला तेव्हा डबा भरलेला होता. सासूबाई डबा घेऊन ओट्याकडे वळल्या तसा तो हळूच म्हणाला, "तिला काही बोलू नकोस. प्लीज. मी तिला म्हटलंय, मस्त निवडलीस." आणि मग त्याचे डोळे भरून आले, ते त्याने उशीला पुसले.

त्यांनी पानं भिजवून वाटली, तुपात परतली, त्यात शिरा केला. तो दोन चमचे खाऊन म्हणाला, "आई, पोटात थंड वाटलं गं." त्या सुखावून पडायला गेल्या. दार लागेपर्यंत त्याने ओठ घट्ट मिटून धरले होते. मग मी उलटीचं भांडं पुढे केलं.

दुसरं झाड पिकायच्या आधी तो गेला.

लोक आले, डबे आले, लोक गेले. खालचा दिवा मात्र ठरल्या वेळी लागत होता, विझत होता. एका सकाळी सवयीने खाली जाऊन मी भिंगातून फोटो काढला आणि जिन्यापर्यंत आले. वर दाखवायला कोणी नव्हतं. तिथेच पायरीवर बसून मी फोटो मोठा करून पाहिला. दूध उतरलं होतं. मधाचे ठिपकेही होते. त्याने ज्यासाठी जीव धरून वाट पाहिली, ते असं नेमकं, तंतोतंत पिकलं होतं.

मी कापलं. पानांसकट टांगलं. डहाळी मोडली त्या दिवशी सासूबाईंनी न सांगता वर्तमानपत्र पसरलं. "त्यानं लावलंय," त्या म्हणाल्या. "वाया नको जायला. कोणाच्या तरी औषधाला होईल." उशाजवळची कात्री मी आणली होती. त्या पानं खुडू लागल्या. मग त्यांनी हातातली फांदी मांडीवर ठेवली.

"तेव्हा मी बरोबर निवडली होती ना गं? त्याला थोडा तरी आराम पडला ना?"

त्यांच्या बोटांत एक फूल होतं, टपोरं, पांढऱ्या दाण्यांनी माखलेलं. असं एक फूल त्याच्या हातात द्यायला मी वाटेल ते दिलं असतं.

"हो आई," मी म्हटलं. "अगदी बरोबर."

त्यांनी फूल कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. मीही कात्री घेतली, माझ्या फांदीचं फूल छाटलं, पिशवीत टाकलं आणि पानं त्यांच्या डब्यात ठेवली.