घाटातल्या मासुएबाईंची नवी शेगडी

कितासावा मासुएबाईंनी चौतीस वर्षं घाटमाथ्यावर गोहेई भाजले. अर्धवट कुटलेला भात चपट्या काठीवर थापायचा, निखाऱ्यांवर धरायचा, दोन्ही बाजूंनी खरपूस झाला की अक्रोड आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, वाटण लावून पुन्हा शेकायचा. टपरीतली भट्टी पाच हात लांब होती. गाड्या थांबायच्या, माणसं उतरायची, काठी हातात घेऊन समोरच्या बर्फाच्या शिखरांकडे बघत खायची आणि म्हणायची, काय सुंदर जागेत राहता तुम्ही. मासुएबाईंची पाठ त्या शिखरांकडे असायची. भट्टीच तशी बांधलेली होती.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला. घाटातली वर्दळ आटणार हे सगळ्यांना दिसत होतं. शेजारच्या टपऱ्या शेवटच्या गिऱ्हाइकाची वाट बघत वर्षभर रेंगाळल्या, पण मासुएबाईंनी बोगदा उघडण्याच्या तीन आठवडे आधीच फळ्या लावल्या. "गिऱ्हाईक संपण्याआधी मीच संपवते," त्या म्हणाल्या. तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या, गुडघे ठणठणीत होते आणि चौतीस वर्षांत त्यांनी एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती.

त्यांना तंबू ठोकून राहायचं होतं. डोंगराकडे तोंड करून बसायचं, स्वतःसाठी भाजायचं आणि गरम असतानाच खायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. नवरा तोकुजी लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेला. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तू खुशाल जा. मी जमिनीवर झोपणार नाही. मांजर सांभाळतो."

नागोयाला बँकेत काम करणारी भाची कानाए हौशी होती. ती आत्याला शहरातल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथे पत्र्याची एक घडीची शेगडी होती. मिटली की पाटीएवढी पातळ, उघडली की चार पाय आणि वर जाळी.

"आत्या, ही बघ. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात बसते. सगळे हीच घेतात."

"खाली हवा कुठून घेते?"

"सगळीकडून. भोकंच भोकं आहेत."

मासुएबाईंना ते पटलं नव्हतं. पण भाची सुट्टी काढून आली होती, शेगडी चकचकीत होती, आणि आपल्याला या नव्या गोष्टींतलं काय कळतं, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. त्यांनी ती घेतली.

मे महिन्यात त्या आपली छोटी गाडी घेऊन ओमाचीच्या पुढे एका तळ्याकाठी गेल्या. तंबू नीट उभा राहिला, पण शेगडीने मान खाली घालायला लावली. तळ्यावरून वारा आला की निखारे भडकायचे आणि गोहेईची वडी बाहेरून करपून आत गार राहायची. टोपलीभर कोळसा अर्ध्या तासात राख झाला. शेगडी उचलली तर खाली गवताचा काळा चौकोन. तंबूंच्या जागेची देखभाल करणारा कुसामा नेमका त्याच वेळी फेरीवर आला.

"बाई, इथे गवत जाळायला मनाई आहे. पाटी वाचली नाही का?"

"वाचली. चूक माझीच आहे," मासुएबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं कोळशाबरोबर काढली, आणि शेगडी निवडली ती कप्प्यात बसते म्हणून."

कुसामा वाद घालायच्या तयारीने आला होता, तो जरा गोंधळला. मासुएबाईंनी त्याच्याकडून कुदळ मागून घेतली, करपलेला तुकडा खणून काढला, कुंपणाजवळची गवताची ढेकळं आणून तिथे बसवली आणि पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन त्या घरी आल्या. पत्र्याची शेगडी त्यांनी कानाएला परत पाठवली, सोबत चिठ्ठी: "गच्चीवर मासे भाजायला छान आहे."

या वेळी त्या कुणाला बरोबर न घेता गेल्या. गावातच ओगीवारांचं जुनं लोखंडी सामानाचं दुकान होतं. मासुएबाईंनी टपरीसाठी चिमटे आणि जाळ्या कायम तिथूनच घेतल्या होत्या. म्हातारे ओगीवारा गल्ल्यामागे डुलक्या घेत होते.

"लहान शेगड्या दाखवा. आणि मागच्या अंगणात पेटवून बघणार आहे. कोळसा माझा आणलाय."

"दुकानातला माल पेटवून बघतात का कुठे?"

"जी घेईन ती घेईन, उरलेल्या घासून पुसून परत ठेवीन."

ओगीवारांनी तीन शेगड्या काढल्या. एक बिडाची, एक पत्र्याच्या बादलीसारखी आणि एक हलक्या पांढरट मातीचा ठोकळा कोरून केलेली, लहान कलिंगडाएवढी, खाली हवेची सरकती खिडकी. मासुएबाईंनी आधी तिन्ही एकेक करून एका हातात धरल्या आणि फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. बिडाची त्यांनी अर्ध्या वाटेतच खाली ठेवली. मग उरलेल्या दोन्हींत मोजून सारखे कोळसे घातले, पेटवले, वर एकेक गोहेई ठेवला आणि स्टूल ओढून बसल्या.

ओगीवारा दारात उभे राहून बघत होते. "नवरा निवडताना एवढी पारख केली होतीस का?"

"त्याला पेटवून बघायची सोय नव्हती."

बादलीवाल्या शेगडीवर वडी लवकर झाली, पण अंगण तापलं. मातीच्या शेगडीने वेळ घेतला आणि वडी मात्र कडेपासून मधापर्यंत एकसारखी बदामी झाली. मासुएबाईंनी दोन्हींच्या हवेच्या वाटा बंद केल्या, ओगीवारांबरोबर चहा प्यायल्या, गावातल्या दोन घटस्फोटांची चर्चा केली आणि तासाभराने खिडकी उघडली. बादलीत राख होती. मातीच्या शेगडीत फुंकर मारल्यावर निखारा पुन्हा लाल झाला. त्यांनी तळाला हात लावून पाहिला, कोमट होता.

"हीच."

"एक सांगून ठेवतो," ओगीवारा म्हणाले. "हिला पाण्याचं वावडं आहे. भिजली आणि तशीच पेटवलीस तर तडकेल."

"मलाही भिजायचं वावडं आहे. जमेल आमचं."

उन्हाळाभर आणि शरद ऋतूत मासुएबाई सात वेळा बाहेर पडल्या. शेगडीखाली लाकडी फळी, वर उतरती ताडपत्री, बाजूला विझलेले कोळसे झाकून ठेवायचा डबा. कुसामाशी आता बोलणंचालणं होतं. तो येता-जाता त्यांच्याकडे एखादी वडी खाऊन जायचा आणि तक्रार म्हणून वाटण कमी लावलंय असं म्हणायचा.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी तळ्यावर बारीक पाऊस लागला. दुपारचे चार वाजले असतील. पलीकडे एका तरुण जोडप्याने तंबू लावला होता. मुलाचं नाव हिबिकी, मुलीचं मिओरी, हे मासुएबाईंना नंतर कळलं. थंडी वाढली तसा मुलाने पेटलेल्या कोळशाची शेगडी उचलून तंबूत नेली आणि आतून चेन ओढून घेतली.

मासुएबाईंच्या हातातली काठी थांबली. खूप वर्षांपूर्वी हिमवादळात त्यांनी टपरीच्या फळ्या घट्ट लावल्या होत्या आणि भट्टीशेजारी बसलेली सासू बोलता बोलता आडवी झाली होती. दार वेळेवर उघडलं म्हणून म्हातारी पुढे बारा वर्षं जगली आणि बारा वर्षं सुनेला बोलत राहिली.

त्या छत्री न घेताच निघाल्या. तंबूची चेन त्यांनी बाहेरूनच उघडली.

"अहो काकू, काय करताय?" मुलगा चिडला. "विचारून तरी या."

"शेगडी बाहेर काढ. आधी तुम्ही दोघं बाहेर या."

"धूर कुठे आहे? कोळसा पूर्ण पेटल्यावरच आत आणलाय."

"धूर असला की माणूस पळतो. याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही." त्या मुलीकडे वळल्या. "डोकं जड झालंय का बाळ?"

मिओरी कपाळ चोळायला लागली. मग हळूच म्हणाली, "हो. मला वाटलं, प्रवासामुळे असेल."

तिला उठवायला गेल्या तर तिला उभं राहता येईना. मासुएबाईंनी तिच्या काखेत हात घालून तिला बाहेर ओढलं. गवतावर येताच तिला उलटी झाली. हिबिकीचा चेहरा उतरला. मासुएबाईंनी त्याला कुसामाकडे धाडलं, "धावू नकोस, तुझंही डोकं ठिकाणावर नाही, चालत जा." स्वतः मुलीला घोंगडीत गुंडाळून ताडपत्रीखाली उघड्यावर बसवलं. कुसामाने दोघांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं परत आली, तेव्हा त्यांचा तंबू वाळवून, घडी करून ठेवलेला होता. डॉक्टरांनी रात्रभर प्राणवायू लावला होता. हिबिकीने कमरेत वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर बघेना.

"पुरे आता," मासुएबाई म्हणाल्या. "हात धुऊन ये. कोळसा पेटवायला शिकवते, आणि कुठे ठेवायचा तेही."

मिओरीने तीन गोहेई खाल्ले. कुसामा एका फळकुटावर ठळक अक्षरांत लिहीत बसला होता: तंबूत शेगडी नेऊ नये, कोळसा पूर्ण पेटलेला असला तरी. त्याने वर बघून विचारलं, "बाई, दर रविवारी इथेच टपरी टाका ना. लोक रांग लावतील. जागा मी देतो."

"नको," त्या म्हणाल्या. त्यांना विचारही करावा लागला नाही. "इथे मी गिऱ्हाईक आहे. ज्याला शिकायचं असेल त्याला शिकवीन, पण भाजीन ते माझ्या मनाने."

पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी पहिल्यांदा डोंगर सोडून उत्तरेच्या समुद्राची वाट धरली. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिला होता. बंदरावर एका बाईकडून दोन सुके बांगडे घेतले. बाईने विचारलं, "एकट्याच आलात? दोन कशाला?"

"भूक दोघांएवढी आहे," मासुएबाई म्हणाल्या, आणि वाळूवर वाऱ्याकडे पाठ करून बसल्या. पहिला बांगडा शेगडीवर फुलायला लागला तेव्हा लाटांचा आवाज आपण भट्टीच्या आवाजासारखा कान देऊन ऐकतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मासा उलटला आणि दुसरी बाजू झाल्यावर गरम असतानाच थेट चिमट्याने खाल्ला.