पाकिटाचा वास

पुसदच्या पोस्टात खिडकीवर बसणारे बाबू माझं पाकीट सरळ कधीच देत नसत. मुंबईहून दर पंधरवड्याला माझा फ्रेंचचा धडा येई. बाबू ते आधी उजेडात धरत, बोटांनी चाचपत, कानाशी हलवत आणि शेवटी हुंगत. "अत्तर-बित्तर तं नाही ना, ताई?" असं म्हणून रांगेकडे बघून हसत. मी मान खाली घालून हात पुढे करी.

एकदा त्यांनी वडिलांना बाजारात गाठलं. "वकीलसाहेब, पोरीले कोण्या मास्तरची पत्रं येऊन राह्यली. सांगणं आपलं काम हाये." वडिलांनी घरी येऊन धडे बंद केले आणि माझा परीक्षेचा फॉर्म कपाटात कुलूपबंद केला.

एक पाकीट तोवर मुंबईहून निघालं होतं. ते मी खिडकीसमोरच फोडलं. धडा पंचेंद्रियांचा होता. मी रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. "व्वार, पाहणं. तुशे, स्पर्श करणं. एकुते, ऐकणं. सांतिर, वास घेणं. एवढंच असतं यात, बाबूजी. चव घेणं सोडलं, तर तुमचं सगळं करून झालंय."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबूंनी शांतपणे पुढच्या पत्रावर शिक्का हाणला. "मंग हे वकीलसाहेबाले सांगा ना. मले कायले सांगता?"

त्या माणसाचा मला अजून राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो त्याचं खरं होतं याचा. मी घरी गेले आणि वडील पक्षकारांसोबत बसले असताना दारातूनच पहिला शब्द मोठ्याने वाचला.