तुरीत उभा राहिलेला चिमण

गंजाडच्या पुढे डोंगराच्या अंगाला जो पाडा आहे, तिथे चिमणचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग इकडेतिकडे बघतात आणि मग सांगायला बसतात. सांगणाऱ्यांत पहिला जिव्या. हा चिमणचा शिकारीतला जोडीदार. ज्याच्यासोबत जन्मभर रान तुडवलं त्याची टर उडवायचा पहिला हक्क आपलाच, असं तो धरून चालतो.

शिकारीला बंदी आहे हे पाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि चिमण शिकारीला जातो हेही. उंबराखाली फळं पडायला लागली की भेकरं, ती भुंकणारी बुटकी हरणं, खाली उतरायची. मग चिमण झुंजुमुंजू व्हायच्या आत "शेतावर जाऊन येतो" म्हणून निघायचा. कुठल्या शेतावर, ते त्याच्या बायकोने, लाडकीने, कधी विचारलं नाही. एवढंच म्हणायची, "जा, पण शेत भुंकलं तं पळत घरी नको येऊ."

पण चिमण पळणाऱ्यातला नव्हताच. त्याची सगळी विद्या न पळण्यात होती. भेकर बिचकतं म्हणजे काय होतं? आधी चरणं थांबतं. मग कान वळतात. मग पुढचा पाय आपटतं, आणि तरी खात्री पटली नाही तर कुत्र्यासारखं भुंकतं. ते ऐकून नवा शिकारी गडबडतो. कोणी खाली बसतो, कोणी झाडाआड सरकतो, कोणी घाईने तीर सोडून मोकळा होतो. चिमणच्या लेखी सगळे गाढव.

"त्याला तू दिसलेला नसतोस," तो म्हणायचा. "त्याला नुसता वहिम आलेला असतो. तू हललास की तो खरा करून दिलास."

म्हणून असाल तिथे, असाल तसे थांबायचं. पाय उचललेला असेल तर उचललेलाच ठेवायचा. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, त्याच्या खुरांकडे बघायचं. आणि त्याने मान खाली घातली म्हणून भुलायचं नाही. पहिली मान खोटी असते. गवताला तोंड लावल्याचं सोंग करतं आणि झटक्यात वर बघतं. शेपूट हलवत, कान सैल सोडून खरोखरच चरायला लागलं की मगच पाऊल टाकायचं. निघून गेलं तर जाऊ द्यायचं. मागे लागलं नाही तर तेच भेकर त्याच उंबराखाली परत येतं.

एकदा लाल मुंग्या चिमणच्या मांडीपर्यंत चढल्या, तरी बाबा हलला नाही. जिव्या अजून सांगतो, "मुंग्यांनी याला खाऊन टाकला असता ना, तरी हाडं उभीच राहिली असती!"

तर असा हा चिमण. पुढे त्या साली तुरीला शेंगा भरल्या होत्या, आणि पाड्यातल्याच कोणाची तरी जीभ सैल सुटली. कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे, पण तिची सून आजारी असते, म्हणून जाऊ दे. सकाळी फॉरेस्टवाल्यांची जीप दारात. चिमण तेव्हा घरामागे तुरीत होता. जीपचा आवाज आला तेव्हा त्याचा एक पाय बांधावर चढायला उचललेला होता. तो तसाच राहिला.

घरात माळ्यावर शिकारीचं जाळं सापडलं. "कोणाचं आहे, बाई?" साहेबाने विचारलं. लाडकीने मागच्या दारात येऊन हाक मारली, "चिमण! ओ चिमण!" हाक मारता मारता तिला तुरीच्या शेंड्यांतून तो दिसला. तिने बघितलं आणि त्याने तिच्या पायांकडे बघितलं. ती वळली आणि साहेबाला म्हणाली, "घरात मीच हाय. माझंच धरा."

सगळ्या पाड्यादेखत बाई जीपमध्ये बसली. दिवसभर ऑफिसात बाकावर बसवून, जबाब घेऊन, संध्याकाळी तिला सोडलं. घरी आली तेव्हा चिमणने चूल पेटवून ठेवली होती. म्हणाला, "हललो असतो तं दोघं गेलो असतो."

"गेलो असतो," लाडकी म्हणाली. "दोघं."

सकाळी तिने लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि तलासरीकडे भावाच्या, सुकऱ्याच्या घरी निघून गेली.

रुसलेली बायको आणायची त्या पाड्यात एक रीत आहे. नवऱ्याने ताडीचं मडकं घेऊन तिच्या माहेरच्या अंगणात जाऊन बसायचं, मेव्हण्याच्या शिव्या खायच्या, बायकोचं सगळं ऐकून घ्यायचं आणि तिला पुढे घालून घरी आणायचं. पाड्यातले निम्मे बाप्ये कधी ना कधी ते मडकं घेऊन गेलेले आहेत. जिव्या तर इतक्यांदा गेलाय की सासरवाडीची कुत्री त्याला ओळखतात.

"कधी जातोस रे?" जिव्याने विचारलं.

"बिचकलीय ती," चिमण म्हणाला. "आता मागे लागलं तं डोंगर ओलांडून जाईल. येईल आपली आपण."

"अरे, ती बायको हाय का भेकर?"

चिमणने खराटा उचलला. रोज संध्याकाळी अंगण झाडून ठेवी, तिच्या कोंबड्या डालून ठेवी, आणि वाट बघे.

पुढे गंजाडच्या बाजारात ती दिसली. सुक्या बोंबलांच्या ढिगापाशी उभी होती. तिने चिमणला बघितलं आणि मान खाली घातली. बोंबील उचलायची, ठेवायची, परत तेच उचलायची. मासळीवाली वैतागली, "घेतेस का नुसती वास काढतेस?" चिमण मिठाच्या गोण्यांआड उभा. त्याला लाडकीची मान दिसत होती आणि मनात एकच, पहिली मान खोटी असते. बऱ्याच वेळाने ती तलासरीच्या इकोत, सीटवारी भरणाऱ्या गाडीत, बसून गेली.

जिव्याला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे मुडद्या, बाजारात कोण बोंबील बघायला तास लावतं?"

पुढच्या बाजाराला चिमण मिठाच्या गोण्या सोडून थेट ढिगापाशीच उभा राहिला. ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. तुरी निघाल्या, भात लावलं, भात कापलं. पुन्हा तुरीला फुलं आली तेव्हा चिमणने एका सकाळी ताडीचं मडकं घेतलं. वाटेत इकोवाल्याने विचारलं, "काका, सासरवाडी का?" तो लाजून हसला. सुकऱ्या तोंडाचा फाटका म्हणून प्रसिद्ध. शिव्या ऐकून घ्यायची सगळी तयारी करून चिमण अंगणात शिरला.

सुकऱ्या उठून उभा राहिला. "या चिमणभाऊ. बसा." आणि स्वतः खाट टाकली.

चिमण बसला. "दाजी नाय म्हणत?" त्याने हसत विचारलं.

"पाणी घ्या," सुकऱ्या म्हणाला.

लाडकी आली. जवळच्या वाडीत चिकू तोडायला जाते म्हणाली. हात चिकाने काळे झाले होते. डोळ्यांत राग नव्हता. घरच्या कोंबड्यांचं विचारलं, जिव्याच्या गुडघ्याचं विचारलं. चिमणने सगळं सांगितलं, आणि मग वर्षभर तोंडात धरून ठेवलेला शब्द बाहेर काढला. "चल."

"त्या दिवशी बाजारात मी दोन इको सोडल्या," लाडकी म्हणाली. "डायव्हर बोलला, बाई, कोणाची वाट बघतेस? मी बोलले, कोणाची नाय."

"मला वाटलं, तू अजून रागात हायस."

"व्हतेच की. राग व्हता तवाच यायचं असतं. त्याच्यासाठीच तं मडकं घेऊन येतात." ती उठली. "आता मला कायच वाटत नाय रे. जेवून जा."

चिमण सुकऱ्याकडे वळला. "सुकऱ्या, चार शिव्या तं दे."

"पावण्याला कोण शिव्या देतं, भाऊ?" सुकऱ्या म्हणाला आणि त्याच्या पेल्यात ताडी ओतली.

जेवण चांगलं वाढलं. भात, तुरीचं वरण, वर सुक्या मासळीचा तुकडा. चिमण सगळं जेवला. निघायला उठला तेव्हा लाडकी मागच्या बाजूने मडकं घेऊन आली. रिकामं करून, घासून, स्वच्छ धुतलेलं. पाहुण्याचं भांडं परत करतात तसं ते तिने त्याच्या हातात दिलं, आणि इको सुटायच्या आत पोचशील म्हणून जवळची पायवाट दाखवली.