उन्हाळ्यात उरलेला तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मंगलला — माझ्या बायकोला — तर नाहीच. कितीदा ओठांवर आलं आणि गिळलं. आज सांगून टाकतो.

मी एका अमेरिकन कंपनीच्या कामावर रात्रपाळीला होतो. तिकडची मंडळी थंडीत घड्याळ तासभर मागे घेतात, मार्चमध्ये पुन्हा पुढे. आपल्याकडे असली भानगड नाही. त्यामुळे मार्च लागला की आम्हाला जावं लागे तासभर आधी, आणि सुट्टीही होई तासभर आधी. होई — पण घरी मी अर्धंच सांगितलं. जायचं आधी, यायचं मात्र नेहमीच्याच वेळी.

मंगल म्हणाली, "अहो, घड्याळच पुढे केलं, तर सुटायलाही आधी नको का?"

बरोबर होतं तिचं. अगदी बरोबर! आणि मी खेकसलो, "तुला नाही कळायचं ते."

का? अण्णांमुळे. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. पहाटे त्यांना उचलायचं, पुसायचं, चादर बदलायची. लवकर पोचलो असतो तर ते माझ्या वाट्याला आलं असतं. किळस यायची मला — सख्ख्या बापाची! कंपनीची गाडी मार्केट यार्डापाशी सोडायची, आणि मी तिथल्याच टपरीवर चहा पीत तो तास काढायचो. घरी मंगल एकटीच त्यांना उचलायची, वर बहिणीला सांगायची, "मेली अमेरिका! पार पिळून काढते हो यांना."

मेमधल्या एका पहाटे टपरीवर फोन वाजला. मंगलचा. मी उचलला नाही. का, सांगू? हमालांचा आरडाओरडा तिला ऐकू गेला असता. पुन्हा वाजला. तेव्हाही नाही. कामावर फोन बाहेर ठेवावा लागतो, असं सांगितलं की झालं — एवढाच विचार केला मी.

घरी पोचलो तेव्हा अण्णा गेले होते. सारखे दाराकडे बघत होते म्हणे. मंगल त्यांना समजावत होती, "येतीलच हं, सुटले नसतील अजून."

टपरीवरून घर हाकेच्या अंतरावर.

दर श्राद्धाला कुणी ना कुणी विचारतंच, शेवटी मुलगा जवळ नव्हता का? मग मंगल माझ्या आधी बोलते, "यांचा काय दोष? त्या अमेरिकेच्या घड्याळापायी बापलेकांची भेट हुकली."

मी मान हलवून हो म्हणतो.