मुलीच्या बाजूचे काका

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कृष्णकांत पांढरीपांडे बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून फोनवर एका मुलाची उंची कमी करत होते. पाच फूट आठ नाही, सात. मुलगा निर्व्यसनी, घरचे लोक सरळ. फक्त सकाळी उशिरा उठतो. पलीकडे मुलीचे वडील ऐकत होते.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून कृष्णकांतांचं हेच काम आहे. ओळखीतल्या घरात लग्नाची बोलणी निघाली की चौकशीसाठी त्यांचा नंबर दिला जातो. पद्धत ठरलेली आहे. चार गुण सांगायचे आणि एक खरा दोष, म्हणजे गुणांवर विश्वास बसतो. मग समोरच्यांची उलट चौकशी करायची. आणि काही झालं तरी लगेच हो म्हणायचं नाही. पत्नी प्रमोदिनी म्हणतात, खात्यात होते तेव्हा फायली अडवायचे, आता लग्नं अडवतात.

खालच्या मजल्यावरची अदिती घुशे ज्या कोचिंग क्लासचे हिशेब बघायची, तो बंद पडून चार महिने झाले होते. बुटीबोरीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंटंटची जागा निघाली. ही जागा तिला हवीच होती. पण ऑनलाइन अर्ज दोन ठिकाणी अडला. अपेक्षित पगाराच्या रकान्यात तिने ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ असं लिहिलं, ते त्याने घेतलं नाही. त्याला आकडा पाहिजे होता. कृष्णकांतांचा सल्ला होता की आकडा आपण आधी बोलायचा नसतो, त्यांना बोलू द्यावं. रकाना काही बोलेना. शेवटी तिने जुन्याच पगाराचे तीस हजार भरले. पुढे नातेवाईक नसलेल्या परिचिताचा नंबर मागितला होता. क्लासचे मालक फोन उचलत नव्हते. तिने कृष्णकांतकाकांचा दिला.

गुरुवारी कंपनीच्या एचआरमधून विक्रम नावाच्या तरुणाचा फोन आला. कृष्णकांतांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. मुलगी हुशार, मितभाषी, हिशेबात चोख, घराणं माहितीतलं. आता एक दोष.

“संध्याकाळचे सहा वाजले की काम आवरून उठते. मग कोणी आडवं आलं तरी थांबत नाही.”

विक्रमने ते लिहून घेतलं आणि फोन ठेवायला गेला. पण कृष्णकांतांची चौकशी आता सुरू होत होती. मालक कुठले, तापट आहेत का, आधीची का गेली?

“काका, मी तुम्हाला विचारायला फोन केला नं. तुम्हीच मला विचारून राहिले.”

“दोन्हीकडून विचारायचं असतं बेटा. आधीची का गेली?”

विक्रम महाल या जुन्या वस्तीतला, मोठ्यांनी विचारलं की सांगायचं अशा संस्कारातला. त्याने सांगून टाकलं: दोघी गेल्या, पगार बारा तारखेपर्यंत लांबतो म्हणून. कृष्णकांतांनी त्याचे आभार मानले.

“ठीक आहे. विचार करून आम्ही कळवतो.”

हे सगळं त्यांनी खाली जाऊन समाधानाने सांगितलं. अदिती सोफ्यावर बसली.

“काका, कळवतो काहून म्हटलं? मी कधीची त्यांच्या फोनची वाट पाहून राहिली.”

“लगेच हो म्हटलं की मुलीत काही खोट आहे असं वाटतं त्यांना.”

प्रमोदिनींनी नवऱ्याला वर नेलं. जिन्यात त्या काय म्हणाल्या ते तिन्ही मजल्यांनी ऐकलं.

शुक्रवारी विक्रमचा फोन अदितीला आला. दुसरीकडे काय देऊन राहिले, असं त्याच्या साहेबांनी विचारायला सांगितलं होतं. अदितीला प्रश्नच कळला नाही, म्हणून ती गप्प राहिली. साहेबांना चौतीस जमतील, विक्रम म्हणाला. काकांच्या ‘कळवतो’मुळे तिला दुसरीकडूनही बोलावणं आहे असं त्यांना वाटतंय, हे एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं. पगाराची पाच तारीख नेमणूकपत्रात लिहून द्या, तिने सांगितलं. तासाभराने तेही मान्य झालं. सहानंतर थांबण्याचा विषय कोणीच काढला नाही.

स्थळ पक्कं करण्याआधी घर बघून यावं असं कृष्णकांतांचं मत अजून आहे. त्यासाठी अदितीच्या पहिल्या दिवशी सोबत जायची त्यांची तयारी होती, पण कंपनीच्या बसमध्ये कर्मचाऱ्यांशिवाय कोणाला बसू देत नाहीत. त्यांनी विक्रमला फोन करून खात्री करून घेतली. बस उद्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बेसा चौकातून सुटते.