अप्पांची तारीख

शेवटचा किस्सा मी कधी आणि कोणाकडून ऐकला, ते आधीच नोंदवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं त्याच आठवड्यात, आवारातल्या चहाच्या गाड्याजवळ, तो मला शिवण्णानं सांगितला. शिवण्णा आमच्या सीमाभागातल्या एका तालुका कोर्टात पुकारा करतो. म्हणजे ज्याची केस निघेल त्याचं नाव दारात उभा राहून तीनदा मोठ्यानं हाकारतो. बाकीचे किस्से माझ्यासमोर घडले आहेत.

मी तिथे गेलो होतो प्रबंधासाठी. विषय : दारू पिऊन वाहन चालवल्याचे खटले आणि त्यांतल्या शिक्षा. नोंदी मिळायला फार वेळ लागायचा आणि तोवर बाकावर बसून राहावं लागायचं. अशा बसण्यातच किस्से साचतात. प्रबंधात त्यांना जागा नव्हती, म्हणून इथे लिहितो.

*

कोर्टाच्या वेबसाइटवर कायद्याच्या नावानं शोध घेता येतो, हे मला माहीत होतं. पण मोटार वाहन कायदा असं टाकलं, तर हेल्मेट नसलेले, लायसन्स नसलेले आणि पिऊन चालवणारे, सगळे एकाच रांगेत उभे! म्हणून मी रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या सरस्वतीअक्कांकडे गेलो.

"नाव काय?"

"माझं?"

"तुमचं घेऊन काय करू? आरोपीचं!"

"नाव माहीत नाही. गुन्हा माहीत आहे. कलम एकशे पंच्याऐंशी."

"पोलिसात हाव का?"

"नाही, विद्यार्थी आहे. कडगंचीच्या विद्यापीठात एम.ए. करतो."

अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं.

"उलटंच हाय की तुमचं! इथं येणाऱ्याला आपलं नाव पक्कं ठाऊक असतंय, गुन्हाच तेवढा ठाऊक नसतोय!"

*

शिक्षेचा तपशील मला कमलाकर वकिलांनी समजावला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स काही काळ निलंबित होतं, ते वेगळंच.

मी हे लिहून घेत असताना त्यांचा एक अशील शेजारी उभा राहून ऐकत होता.

"वकीलसाब, पहिला म्हणजे पकडलेला पहिला, का केलेला पहिला?"

वकीलसाहेबांनी पेन टेबलावर ठेवलं.

"कोर्टापुरता पकडलेला. बाकीचा हिशोब घरी बायकोला दे!"

*

आळंदहून उमरग्याकडे निघालं, की कर्नाटक कुठे संपतं आणि महाराष्ट्र कुठे लागतो, ते पाटीशिवाय कळत नाही. एका तरुणानं मात्र तीच सीमा बचावाला घेतली.

"साहेब, पिलो तिकडं उमरग्यात. इकडं आल्यावर एक घोट बी घेतला न्हाई. म्हणजे ह्या राज्यात माझा गुन्हा अर्धाच झाला की!"

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "गाडी अर्धीच आली होती का इकडं?"

"न्हाई साहेब, पूर्ण आली."

"मग दंडही पूर्ण."

*

माझा स्वतःचा किस्सा सांगताना थोडा संकोच वाटतो, पण तो गाळणं प्रामाणिक ठरणार नाही.

वसतिगृहात माझ्या मजल्यावर मल्याळम, तेलुगू, हिंदी, ओडिया सगळं ऐकू येतं. मराठी फक्त माझ्या फोनमधून, आणि तीही आई हळ्ळीखेडहून फोन करते तेव्हाच. कोर्टात मी रोज त्याच बाकावर बसायचो. एके दुपारी शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं,

"कितवी तारीख हाय, बाबा?"

"माझी तारीख नाही. मी अभ्यासाला येतो."

"व्हय, व्हय. शिकलेला दिसायलास. कामून पितोस मग?"

"मी पीत नाही."

"सगळे असंच म्हणतेत. मी बी साहेबांना असंच म्हणलो." त्यांनी फडकं सोडलं आणि ज्वारीच्या भाकरीचा अर्धा भाग माझ्या हातावर ठेवला. "जेवलास का?"

मला गैरसमज दूर करायचा होता. पण मी जेवलो का, हे त्या महिन्यात समोरासमोर कोणी विचारलं नव्हतं. मी भाकरी घेतली. ते अनेक दिवस मला आरोपीच समजत होते, आणि मीही फार जोर देऊन नाकारलं नाही.

हे नामदेवअप्पा. आळंदजवळच्या खेड्यात एकटे राहतात; बायको वारली आहे. बाजारातून परतताना मोपेडवर सापडले. मशीनमध्ये फुंकले, आकडा आला, केस झाली. त्यांना जामीन राहिला त्यांचा मुलगा दिलीप. तो हैदराबादला कंपनीत नोकरी करतो.

*

अशा केसमध्ये बहुतेक जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि मोकळे होतात. अप्पा कबूल करत नव्हते.

"अप्पा," कमलाकर वकील म्हणाले, "मशीनची चिठ्ठी हाय, साक्षीदार पोलिस हाय. कबूल करा, सुटा. कामून हेलपाटे मारायलाव?"

"न्हाई. तारीख पडू द्या."

कारण शिवण्णानं मला सांगितलं, आणि वकिलांनी त्याला दुजोरा दिला. जामीनदाराला दर तारखेला हजर राहावंच लागतं, नाहीतर पोलिस त्याच्या दारात येतात, असं अप्पांनी दिलीपला खोटंच पटवून दिलं होतं. एरवी सणालासुद्धा रजा न मिळणारा दिलीप, तारखेला मात्र न चुकता हैदराबादहून यायचा. नाव पुकारलं जाईपर्यंत बापलेक दोघं बाकावर बसायचे. केस संपली की हे येणं संपणार, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. आणि हळूहळू ते सगळ्या कोर्टालाच ठाऊक झालं होतं.

एकदा दिलीपनं मलाच विचारलं, "सर, तुमचा अभ्यास हाय म्हणून विचारतो. जामीनदाराला दर तारखेला यावं लागतंय का?"

शिवण्णा दारात थबकला. कमलाकर वकिलांनी फाइलमध्ये मान घातली. अप्पा तर छताकडे पाहू लागले.

मी म्हणालो, "जामीनपत्र पूर्ण वाचल्याशिवाय मला निश्चित विधान करता येणार नाही."

दिलीप गेल्यावर शिवण्णानं माझ्या पाठीवर थाप मारली. "एवढं शिकल्याचा आज उपयोग झाला बघा!"

*

अप्पांची सगळी भिस्त साक्षीदार पोलिसाच्या गैरहजेरीवर होती. तो बंदोबस्तात अडकायचा, साक्ष राहायची, पुढची तारीख पडायची. आणि एक दिवस तो आला. कडक इस्त्रीचा गणवेश, हातात मशीनची चिठ्ठी.

अप्पा बाकावरून उठून थेट त्याच्यासमोर गेले. आम्हांला वाटलं, आता काही बोलाचाली होते की काय.

"इतके दिवस आला न्हाईस," अप्पा अगदी हळू म्हणाले, "आजच कामून आलास रे?"

साक्ष झाली. पुढे निकालही झाला. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची कैद. अशी शिक्षा कायद्यात असते. दंड दिलीपनं भरला. आता त्याला थांबायचं काहीच कारण नव्हतं. त्याची बस दुपारची होती.

"जा तू," अप्पा म्हणाले. "मला बसायला लावलेत, तुला न्हाई."

दिलीपनं बॅग बाकाखाली सरकवली आणि शेजारी बसला. न्यायाधीश उठेपर्यंत दोघं बसून होते. माझ्या माहितीत, शिक्षा लवकर संपली म्हणून हिरमुसलेला आरोपी तो एकच.

*

दिवाळीनंतर शिवण्णानं सांगितलेला किस्सा असा.

सुट्टीनंतर कोर्ट उघडलं आणि पाहतो तर बापलेक बाकावर! अप्पा धुतलेल्या धोतरात, दिलीप हैदराबादची बॅग घेऊन. शिवण्णा चक्रावला. दिलीप पाण्याची बाटली भरायला गेला, तसा तो अप्पांजवळ वाकला.

"अप्पा, केस संपली की तुमची. आज कामून आलाव?"

"मला काय ठाऊक बाबा," अप्पा म्हणाले. "तारीख हाय म्हणला दिलीप."

शिवण्णा तसाच नळाकडे गेला.

"दिलीप, आज कामून आलास?"

"तारीख हाय म्हणले अप्पा."

शिवण्णानं दोघांना एकच उत्तर दिलं : "बसा, पुकारतो."

वेबसाइटवर ती केस निकाली दाखवली आहे, हे मी स्वतः पाहिलं. त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे केसच्या यादीत, अप्पांचं नाव नव्हतं, हे सरस्वतीअक्कांनी सांगितलं. शिवण्णानं ते नाव दारात तीनदा पुकारलं आणि आतून कोणी हरकत घेतली नाही, असं कमलाकर वकील सांगतात. ती तारीख नेमकी कोणी कोणाला दिली, एवढं मात्र मला पडताळता आलं नाही.